ठोक्याला उत्तर

३ तारीख, सोमवार

शिरस्त्राण या विषयावर माझी एक तक्रार आहे आणि ती मी इथे यथाविधी नोंदवून ठेवतो. छावणीच्या कोठीतून मला जे हेल्मेट मिळालं ते माझ्या मस्तकावर बसत नाही, विराजमान होतं, आणि वाऱ्याची झुळूक आली की पदत्याग करतं. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘पाहुणा’ असं लिहिलेलं आहे. बालपण शब्दरूपं घोकण्यात आणि तारुण्य बातम्या लिहिण्यात घालवलेल्या माणसाला शेवटी हीच पदवी मिळायची होती. कोठीवाल्याकडे मोठं माप मागितलं, तर तो म्हणाला की हेल्मेटं सगळी एकाच मापाची असतात, डोकी वेगवेगळी येतात त्याला तो काय करणार. युक्तिवाद निर्दोष होता. मी माघार घेतली.

एवढं सोडलं तर आगमन सुखाचं झालं. बचावपथकाचा मुक्काम एका शाळेच्या व्यायामशाळेत आहे. भिंतींना चढायच्या शिड्या, छताला लोंबणारे दोर आणि खाली खाटांच्या रांगा. खिडकीतून रस्त्यापलीकडचा ढिगारा दिसतो. तिथे कपडे शिवण्याचा बहुमजली कारखाना होता. भर दुपारी, यंत्रांवर माणसं बसलेली असताना तो खाली आला. मजल्यावर मजला असा बसलाय की कपाटात घड्या घालून ठेवलेली पांघरुणं आठवावीत. पथकाची रोजची हकीकत पेपरला पाठवायची, हे माझ्या येण्याचं अधिकृत कारण.

अनधिकृत कारण माझा मेव्हणा. सौ.चा धाकटा भाऊ, पथकातला सगळ्यात तरबेज ऐकणारा. इथे त्याला कानसेन म्हणतात. पाळी संपून तो केव्हाच घरी यायला हवा होता. फोनवर दर वाक्याला खोकतो आणि विचारलं की म्हणतो, काही नाही गं ताई, धूळ आहे. मला गाडीत बसवताना सौ. म्हणाली की बातम्या काय, कुणीही लिहील, तुम्ही त्याला घेऊन या. एकटे आलात तर दार उघडणार नाही. ती तसं करू शकते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

कानसेन भेटला तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत राखाडी होता. मला मिठी मारली आणि माझाही रंग बदलला. माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाला, भावोजी, तुम्हाला हेल्मेट नाही, घमेलंच द्यायला हवं होतं. त्यावर हसला, मग बराच वेळ खोकला.

४ तारीख, मंगळवार

आज ‘मूठ’ पाहिली. आयुष्यात मोजकीच दृश्यं डोळ्यांचं पारणं फेडतात, त्यातलं हे एक.

ढिगाऱ्यावर कुणालाही आवाजाचा संशय आला की तो मूठ वर करतो. ती ज्याला दिसेल तो आपली मूठ वर करतो, आणि बघता बघता सगळा ढिगारा थिजतो. यंत्रं बंद, बोलणं बंद, माणूस जिथे असेल तिथे खाली बसतो. ज्याने पहिली मूठ वर केली त्याने ती खाली आणेपर्यंत कुणी हलायचं नाही, हा इथला धर्म आहे. मग सगळे मास्क हनुवटीखाली ओढतात. मास्कच्या झडपेतून दर श्वासाला फस्स होतं, आणि एवढ्या माणसांचे फुत्कार चालू असताना खालचा आवाज कसा ऐकू येणार. शिष्टाचार म्हणून मीही मास्क काढला.

कानसेन ऐकण्याची काठी भेगेत रोवतो. ती एक लोखंडी सळई. तिच्या वरच्या टोकाची वायर त्याच्या कानांत. सळई स्थिर राहावी म्हणून तो ती छातीशी कवटाळून बसतो. त्याचा जोडीदार पैलवान, हा कपाटाएवढा माणूस, हातोड्याने स्लॅबवर तीन ठोके देतो. मग वाट पाहायची.

ठक. ठक. ठक. उत्तर आलं. मी तळवा टेकला होता, मलाही ते जाणवलं.

संध्याकाळी एका माणसाला जिवंत बाहेर काढलं. त्याने आधी विचारलं की शिफ्ट सुटली का. पैलवान लहान पोरासारखा रडला आणि वर मला दम दिला की हे छापायचं नाही. मी छापायला पाठवलं.

६ तारीख, गुरुवार

पथकाच्या डॉक्टरबाई ठेंगण्या, चष्म्याच्या काचांना कायम धूळ, आणि कौतुक केलं तरी रागावल्यासारखं वाटावं असा आवाज. मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या की तुम्ही पेपरवाले, तर हेही लिहा. यंत्रं थांबली की जाड धूळ खाली बसते, पण सगळ्यात बारीक धूळ नाकाच्या उंचीवर तरंगत राहते. सिमेंट, काचेची भुकटी, जुन्या पत्र्यांतलं ॲस्बेस्टॉस. आणि नेमक्या त्याच वेळी हे सगळे शहाणे मास्क काढून खोल श्वास घेतात. त्यांना हवंय ते फार नाही: ऐकण्याआधी पाण्याचा फवारा, ऐकणाऱ्यांच्या पाळ्या, सक्तीची विश्रांती आणि झडप न वाजणारे मास्क.

पथकाच्या प्रमुखांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. माणूस दुष्ट नाही. डोळे लाल, आवाज मऊ, सगळ्यांच्या आधी उठतो. एवढंच म्हणाले, बाई, खाली माणूस ठोकतोय. त्याला काय सांगू, थांब जरा, धूळ बसू दे?

एवढं मलाही मान्य. पण कोठीवाला मास्कचे वापरलेले फिल्टर टेबलाच्या कडेवर आपटतो, धूळ झाडतो आणि पुन्हा खोक्यात भरतो, त्याचं समर्थन कुठल्या माणुसकीने करायचं? कोठीच्या भिंतीवर एक फलक आहे, ‘आधी स्वतःची सुरक्षा’. त्यावर मास्क लावलेला एक तरतरीत तरुण. पैलवान म्हणतो, अख्ख्या छावणीत नवा मास्क त्या एकट्यालाच मिळाला.

बाईंचं म्हणणं मी तपशिलात लिहून पाठवलं. संपादकांनी ते कापलं आणि त्या जागी मूठ वर केलेल्या माणसांचा फोटो छापला. मास्क नसलेलाच हवा होता, चेहरे दिसले पाहिजेत म्हणाले.

९ तारीख, रविवार

वरून मोठी मंडळी पाहणीला आली. सकाळी सगळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांतले कोरे मास्क वाटले. भाषणं झाली, धैर्याबद्दल प्रत्येकाला प्रशस्तिपत्र मिळालं. मंडळी गेल्यावर कोठीवाल्याने मास्क परत मागितले, म्हणे ते कार्यक्रमाचे होते. कानसेनला खोकल्याची उबळ आली आणि हाताशी रुमाल नव्हता, तेव्हा प्रशस्तिपत्र कामी आलं. त्यावर जे पडलं ते थुंकीसारखं नव्हतं. भिंतीला लावायच्या गिलाव्यासारखं होतं.

डॉक्टरबाई म्हणतात की इतके दिवस पाण्यावाचून खाली कुणी जगणं शक्य नाही. प्रमुखांनाही ते कळतं. पण मूठ वर होते, पैलवान ठोकतो आणि उत्तर येतं. उत्तर येतंय तोवर जागा सोडायची नाही आणि हातांनीच खणायचं, हा पथकाचा नियम. त्यामुळे सगळ्यांच्या रजा रद्द आहेत, पाळ्या केव्हाच मोडल्यात.

मी मेव्हण्याला घरी चलण्याबद्दल विचारलं. म्हणाला, भावोजी, आवाज ऐकल्यावर पाठ फिरवायची आम्हाला सवय नाही. ताईला सांगा, एवढा एक काढतो आणि येतो.

११ तारीख, मंगळवार

आज तळ लागला. तळघराची फरशी हातझाडूने साफ केली. कुणी नाही. खाली नुसती माती.

मूठ वर झाली. पैलवानाने फरशीवर तीन ठोके दिले. तीन उत्तरं आली.

कानसेनने काठी दुसऱ्या कोपऱ्यात रोवली. तेवढाच आवाज. मग रस्त्यावर, मग शाळेच्या फाटकाशी, मग चक्क व्यायामशाळेत, दोन खाटांच्या मधे. कुठेही रोवा, ना कमी ना जास्त. आम्ही सगळे वरातीसारखे त्याच्या मागे फिरत होतो. पैलवान म्हणाला, खालचा पाव्हणा आता आपल्यातच राहायला आलाय, त्यालाही एक खाट लावा. सगळे हसले, हसता हसता खोकू लागले. तो खोकला तीन-तीनच्या झटक्यांत येतोय, हे माझ्या लक्षात आलं. मी कुणाला बोललो नाही. न पटणाऱ्या गोष्टी न बोलण्याची मला व्यवसायाने सवय लावली आहे.

नंतर मनात आलं की काठीचं एक टोक दर वेळी नव्या जागी असतं. दुसरं मात्र दर वेळी त्याच्या छातीशी.

१३ तारीख, गुरुवार

मेव्हण्याला ओढत डॉक्टरबाईंच्या तंबूत नेलं. त्यांनी शर्ट काढायला लावला. त्याच्या बरगड्यांवर एक हात सपाट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने वर टकटक केलं. सगळेच डॉक्टर करतात, त्यात विशेष काही नाही. दोनदा टकटक केलं.

आतून दोनदा उत्तर आलं.

बाईंनी बोट तसंच हवेत धरलं. मग चारदा ठोकलं. चार उत्तरं आली. शेवटचं जरा उशिरा, थकल्यासारखं.

हृदय असं वागत नाही, हे मलाही कळतं. हृदय विचारल्याशिवाय बोलत असतं. बाईंनी स्टेथोस्कोप माझ्या कानांत घातला. खूप खोल, दगडाआडून यावा तसा ठोका. आणि मधल्या शांततेत काहीतरी खरवडल्याचा आवाज.

कानसेन आमच्या तोंडांकडे पाहत होता. म्हणाला, मला ठाऊक आहे. परवापासून वायर कानांत नसतानाही ऐकू येतंय.

एक्स-रे काढला. बाईंनी तो तंबूच्या दाराशी, उजेडात धरला. छातीच्या पोकळीत पांढरे पट्टे, एकावर एक बसलेले, मधे निमुळत्या फटी. कारखाना खाली आला त्या दिवशीचा फोटो मी पाहिलाय. मजले तसेच बसले होते. सर्वांत खालच्या फटीत काही आहे का, असं बाईंनी मला विचारलं. मी चष्मा विसरलो म्हणून सांगितलं. चष्मा नाकावर होता.

सौ.ला फोनवर म्हणालो, तपासलं, थोडी धूळ आहे.

१४ तारीख, शुक्रवार

दुपारी जेवताना पैलवानाने मूठ वर केली.

ताटं तशीच राहिली. मुठी वर गेल्या. आम्ही थिजलो. तो भिंतीला टेकून बसला होता, मान किंचित कलती, ऐकण्यात गढलेल्या माणसासारखी. कोपर शिडीच्या दांड्यावर टेकलेलं. कुणी हललं नाही. ऊन खिडकीतून सरकत पार त्याच्या पायांवरून गेलं. माझा हात भरून आला, पण खाली आणायची छाती झाली नाही. ज्याने मूठ वर केली तो ती खाली आणत नाही तोवर—

शेवटी डॉक्टरबाईंनीच धर्म मोडला. उठल्या, त्याच्याजवळ गेल्या, डोळ्यांची बुबुळं पाहिली. तो केव्हाचा गेला होता. मूठ वर करतानाच गेला असावा. आम्ही एका मेलेल्या माणसाच्या हुकमात बसलो होतो. थोडं आधी कुणी हललं असतं तर—बाई हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पुरं करत नव्हत्या.

मग त्या शांततेत आवाज आला. त्याच्याकडून. त्याच्या छातीतून.

ठक. ठक. ठक.

सगळ्यांनी ऐकला. प्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, जिवंत आहे. आत कुणीतरी जिवंत आहे.

१५ तारीख, शनिवार

पैलवानाला कोठीत ठेवलंय. बाईंना दारातच अडवलं. बाकीचे पाळीपाळीने आत जातात. पहारी आत गेल्या. घमेली आत गेली.

घमेली भरून बाहेर आली. मला जे दिसेल असं वाटलं होतं ते नव्हतं. काँक्रीट होतं. सळयांचे तुकडे. कापडाच्या चिंध्या, कडेला शिवण घातलेल्या. एकाच माणसातून इतकी घमेली—

कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. माणसं मूकपणे घमेली हातोहात देत होती, ढिगाऱ्यावर देतात तशीच. त्यांची तोंडं क्रूर नव्हती, हे लिहून ठेवायला हवं. कुणीच झोपलेलं नाही. त्यांना हे एकच काम येतं आणि ते ते नीट करत होते.

संध्याकाळी प्रमुख बाहेर आले, बाकावर बसले, हात पुसत राहिले. म्हणाले, उशीर झाला. पोचेपर्यंत आवाज थांबला. ज्याच्यात आतला अडकलाय तोच थंड पडला तर तो कसा टिकणार. पुढच्या वेळी लवकर सुरुवात करायला हवी.

पुढच्या वेळी म्हणजे काय, मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे मऊ नजरेने पाहिलं.

१६, रविवार

जिवंत माणूस सापडला की त्या जागी भगभगीत नारिंगी रंगाने खूण करतात. गोल, त्यात फुली. ढिगाऱ्यावर असे गोल मी खूप पाहिलेत.

सकाळी मेव्हण्याच्या शर्टावर तो होता. छातीवर, मधोमध. रंग ओला.

फाटकाशी गेलो त्याला घेऊन. पथकातलेच दोघे उभे होते. अदबीने बोलले. म्हणाले, साहेब, तुम्ही खुशाल जा, तुम्ही पाहुणे. खूण झालेली जागा हलवता येत नाही.

जागा, म्हणाले. माझ्या सौ.च्या भावाला.

डॉक्टरबाईंनी बाहेर फोन लावले. वरच्या लोकांनी सांगितलं की पथकाच्या कामात ढवळाढवळ करू नये, मनोधैर्य खचतं. पेपरला कळवलं. संपादक म्हणाले, विश्रांती घ्या.

सौ.चा फोन दोनदा आला. उचलला नाही.

१७

सकाळपासून व्यायामशाळेशेजारच्या सामानाच्या खोलीत आम्ही दोघं. दाराला खाट लावली आहे. तो शांत आहे. खोकला थांबलाय. छाती वर-खाली होताना आत काहीतरी घासतं, दगडावर दगड—

मी त्याला म्हणालो, मागच्या खिडकीतून निघू. बाई गाडी घेऊन थांबतील. ताई वाट पाहतेय. तिला काय सांगू मी, बोल.

त्याने माझा हात घेऊन स्वतःच्या बरगड्यांवर ठेवला. म्हणाला, ऐका, भावोजी. दोघं आहेत. एक जण दमलाय.

मी हात काढून घेतला. चिडलो. नको ते बोललो. म्हणालो, तुला मुलंबाळं नाहीत म्हणून असं सुचतं. तो रागावलासुद्धा नाही.

दुपार

ढिगाऱ्यावरची यंत्रं बंद झाली. रस्त्यावरचाही आवाज नाही. खिडकीतून पाहिलं. मैदानभर मुठी वर. सगळे खाली बसलेत, तोंडं आमच्या दाराकडे. मास्क हनुवटीखाली. बाईंना दोघांनी धरून ठेवलंय, त्यांचं तोंड—

प्रमुखांनी दारावर ठोके दिले. तीन. हळू. विचारल्यासारखे.

इथे उत्तर आलं.

त्या गोलाबद्दल मी आता विचारलं, कुणी काढला. म्हटलं नाव सांग, उद्या छापतो. तो हसला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना नारिंगी रंग आहे. नखांत.

तेव्हा साधं लिहितो. आतल्याची मला भीती वाटत नाही. बाहेरच्यांचीही नाही, खाट जड आहे, मी अडवून धरेन. माझी काळजी एकच आहे. त्याला माझ्याबरोबर यायचंच नाहीये. त्याने त्यांना हो म्हटलंय, आणि आता तो उठून खाट बाजूला—